फणसाडची कूक

आमच्या घरात प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं होतं. माझं काम होतं ऐकायचं. बाबांचे कान तरुणपणीच गेले. खाडीवरचा वारा, वर्षानुवर्षं भिजलेलं डोकं आणि एकदा कान फुटला तेव्हा कुणीतरी घातलेलं कसलंसं गरम तेल, यांतलं नेमकं काय नडलं ते कुणालाच सांगता आलं नाही. अगदी ठार बहिरे नव्हते. समोर उभं राहून बोललं की त्यांना कळायचं, पण लांबचा आवाज नुसता ‘काहीतरी वाजतंय’ एवढाच पोचायचा. म्हणून मिठागरावर जाताना ते मला सोबत घ्यायचे. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी उघाडीतून शिरायला लागलं की घशात घोट अडकल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की मी बाबांना बंडीला धरून ओढायची. लोक कौतुकानं म्हणायचे, याचे कान डोक्याला नायत, ते बघा मागनं चालत येतायत. आई म्हणायची, “तिला अभ्यासाचं सांगितलेलं तेवढं ऐकू येत नाय.” मला मात्र त्या कौतुकाची चटक लागली होती. रूपात नाही, शाळेत नाही, कामात तर नाहीच नाही, पण कानात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

दुसरं काम कुकेचं. आमच्या मिठागरावर लांबच्या माणसाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. नाव वाऱ्यात फाटून जातं. तोंडाशी दोन्ही हात धरून ‘कूऽऽ’ करायचं. धुक्यात, उधाणात, बांधावर कोणी वाट चुकलं की त्यानं कूक द्यायची. ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं काम टाकून उलट कूक द्यायची, आणि मग चुकलेल्यानं त्या आवाजाच्या रोखानं चालत यायचं. त्यात शंका घ्यायची नाही. आमचा मुलूख ताटासारखा सपाट, आणि तिथं गेलेली हाक जाते ती जातेच. परत आली तर ती कुणाच्या तरी तोंडून आलेली असते, हे आम्हाला पायाखाली मीठ करकरतं तितकं सवयीचं होतं. पुढे जे घडलं ते या एका सवयीपायी घडलं, आणि थोडं माझ्या स्वभावापायी. स्वभावाचं आजवर मी कुणाजवळ बोलले नाही.

त्या वर्षी बायचं लग्न ठरलं. बाय माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी बारा-तेराची असेन. रोह्याकडच्या एका गावात तिला दिली होती, भात आणि वाल पिकवणारं घर, गोड्या पाण्याची विहीर दारात. विहिरीचं आईला इतकं अप्रूप की नवऱ्या मुलाबद्दल कोणी विचारलं तरी ती विहिरीचंच सांगायची. घरात सगळं बायभोवती फिरायला लागलं. पोह्याचे पापड लाटायला बाया जमायच्या, त्या बायची चेष्टा करायच्या. खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण केलं की मोठी निवटी बायच्या ताटात, “आता तिथं कुठली मिळतेय गो तुला निवटी!” मिठानं खाऊन भेगाळलेल्या तिच्या टाचांना आई रोज संध्याकाळी तेल चोळत बसायची. माझ्याही टाचा फुटलेल्याच होत्या. मला राग यायचा तो तिचा लाड होतो म्हणून, असं मी तेव्हा समजत होते. आज कळतं, ती जाणार याचा तो राग होता. रात्री माझ्या पाठीला पाठ लावून झोपणारं माणूस मला न विचारता देऊन टाकलं होतं.

नामदेवमामाचा टेम्पो होता. आईचा हा भाऊ मिठाची पोती ठिकठिकाणी पोचवायचा. फणसाडच्या अभयारण्यात जनावरांना चाटायला मीठ टाकतात, ते न्यायचं काम त्याच्याकडे आलं. तो आईला म्हणाला, “ताई, पोरगी लग्न होऊन गेली की कुठं जातेय फिराया? चला सगली. जंगल बघू, येताना रोह्याला भेळ खाऊ.” आमच्या घराण्यात सहल नावाचा प्रकार त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही फारसा झाला नाही. पहाटे उठून आईनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली, वालाचं बिरडं डब्यात भरलं. बाय पुढे मामाच्या शेजारी, खिडकीत. आई-बाबा आणि मी मागे पोत्यांवर. गावात खोकल्याची साथ होती, मलाही नुकताच लागला होता. खोल, भांडं आपटल्यासारखा खोकला. दर खोकल्याला आई पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, “हिला घरी ठेवाया पायजे होती.”

पेण सुटलं, नागोठण्याला अंबा नदी लागली, भिसे खिंडीत टेम्पो धापा टाकत चढला. रोह्यात मामानं चहा पाजला. वाऱ्याबरोबर धाटावच्या कंपन्यांचा आंबूस वास येत होता, तो आला की बाय नाकाला पदर लावून हसायची आणि मामा म्हणायचा, “सवय कर, सासरचा वास हाय.” रोहा मागे पडल्यावर मात्र कोणी फारसं बोलेना. दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येत गेली. आम्हाला आभाळ बघायची सवय. आमच्याकडे घरातून बाहेर पाऊल टाकलं की चारी बाजूंनी आभाळ जमिनीला टेकलेलं दिसतं. इथं ते वर कुठेतरी चिंध्या होऊन लटकत होतं. बाबा सारखे मान वर करून पाहत होते. एकदा मला म्हणाले, “काय ऐकू येतंय गो?” मी कान दिला. टेम्पोच्या घरघरीपलीकडे काहीच नव्हतं. मिठागरावर काहीच नाही असं कधी नसतं.

नाक्यावर जंगलाचा वॉचर चढला, खाकी शर्ट आणि खाली लुंगी, वयस्कर, अबोल माणूस. एका पाणवठ्याशी टेम्पो थांबला. पाणवठ्याला तिकडे गाण म्हणतात. गाण कसलं, चिखलात पडलेलं तळहाताएवढं पाणी. पण त्याच्या कडेला इतक्या खुरांचे ठसे होते की एखादा बाजार नुकताच उठून गेला असावा, आणि एक जनावर दिसेल तर शपथ. वॉचर आणि मामा दोन पोती घेऊन पुढच्या पायवाटेनं गेले. जाता जाता वॉचर एवढंच म्हणाला, “उन्हं कलायच्या आत निघायचं हाय. मंग इथं कोन चालत नाय.” आम्ही जेवायला बसलो. भर दुपार, पण झाडांखाली संध्याकाळ झाल्यासारखं हिरवट. भाकरी मोडल्याचा आवाज मोठा वाटावा इतकी शांतता. मध्येच वाळलेल्या पानांवर पावलं वाजल्यासारखी व्हायची, आम्ही चौघं एकदम तिकडे बघायचो, आणि पावलं थांबायची. आईनं दोनदा न कळत एक भाकरी जास्त काढून बाजूला ठेवली. “कोनाला गो?” बाबांनी विचारलं, तेव्हा तिनं ती गुपचूप परत फडक्यात बांधली.

जेवण झाल्यावर बाय म्हणाली, “कुंदे, वर चल. मामा म्हनला गारंबीचा वेल हाय, हातभर शेंगा लागतात.” गाणीच्या मागे एक चढ होता, त्यावर मांडीएवढ्या जाड वेलाची वेटोळी झाडांतून लोंबताना खालूनही दिसत होती. मला जायचं होतं. पण सबंध वाट ती पुढे बसली होती आणि मी पोत्यांवर खोकत. मी म्हटलं, “तू एकटीच जा. आता सगलीकडं एकटीच जानारेस ना.” ती क्षणभर थांबली. आणि वळून चढाला लागली. तिचा पिवळा पदर दोन झाडांमध्ये दिसला, मग एका झाडापाशी, मग नाही.

आईनं भांडी विसळून भरली तरी बाय आली नाही. आई म्हणाली, “कूक दे तिला.” मी तोंडाशी हात धरले आणि दिली. कुकेच्या शेवटी खोकला आला, तो तसाच बाहेर पडला. आणि समोरून, गारंबीच्या चढावरून नव्हे तर पार उलट्या बाजूच्या दरीपलीकडून, कूक आली. लांबलचक, स्वच्छ. आईचा जीव भांड्यात पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना नेहमीप्रमाणे ‘काहीतरी’ ऐकू आलं होतं. “बायच ना?” त्यांनी विचारलं.

आता हे नीट लिहायला हवं. ती कूक संपता संपता पलीकडे कोणीतरी खोकलं. खोल, भांडं आपटल्यासारखं. बायला खोकला नव्हता. तो आवाज कुणाचा ते मला तत्क्षणी कळलं. ज्या मुलीला कानाचा इतका गर्व होता तिला स्वतःचा आवाज ओळखता येऊ नये, असं कसं होईल? पण आई माझ्याकडे बघत होती, बाबा बघत होते. बाय एकटी का गेली, हा प्रश्न दोघांच्या तोंडावर यायच्या बेतात होता. आणि मला ती बाय असायला हवी होती. इतकी हवी होती की मी म्हटलं, “व्हय, बायच हाय.”

आई टेम्पोपाशी थांबली. मी आणि बाबा दरीच्या रोखानं निघालो. थोडं गेलं की बाबा म्हणायचे, “दे,” मी कूक द्यायची, समोरून कूक आणि खोकला यायचा, मी हातानं दिशा दाखवायची. जितकं जावं तितका तो आवाज पुढे असायचा. वाटेत वाळक्या पानांत बाबांचे पाय घोट्यापर्यंत बुडत होते. बांधावर डोळे मिटून चालणारा माणूस, तिथं पोरासारखा ठेचकाळत होता. मला भीती वाटत होती ती जनावरांची नव्हती. दर खेपेला माझाच आवाज माझ्याआधी तिथं जाऊन उभा राहत होता आणि मला ये, ये म्हणत होता. एकदा तर मी खोकला गिळला. ओठ दाबून धरले, छाती दुखेपर्यंत. तरी पलीकडून खोकल्यासारखा आवाज आलाच. नंतर वॉचर म्हणाला, भेकर असंल, भेकर असंच ओरडतं. असेल. मी त्यानंतर दोनदा माणसांनी भरलेल्या गाडीतून ते जंगल पाहिलं आहे, भेकराचं ओरडणंही ऐकलं आहे. ते वेगळं असतं असं मला वाटतं, पण माझ्या कानांचा भरवसा मी तरी कुणाला द्यावा?

तासाभरानं वॉचर आणि मामा धावत मागून आले. आईनं त्यांना सांगितलं होतं. वॉचरनं आल्या आल्या बाबांचा दंड धरला. “हाका कोनाला मारताय? इथला डोंगर बोलतो. तुमचंच तुमाला परत देतो. पोरीचा आवाज कोनी सोता ऐकलाय काय?” बाबांना पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. मग ते शांतपणे म्हणाले, “डोंगर बोलत असंल. पन माजी कुंदा चुकायची नाय. तिनं ऐकलाय.” वॉचरनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पिवळसर होते आणि त्यांत राग मुळीच नव्हता. तेव्हा खरं बोलता आलं असतं. झाडांच्या शेंड्यांवरचं ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. मी खाली पाहिलं आणि मानेनंच व्हय म्हटलं. ते तिघे दरीत उतरायला लागले, आणि मला सांगितलं, ही पायवाट धरून आयकडं जा.

पायवाट गाणीपाशी आली. झाडांतून टेम्पो दिसत होता, टेम्पोला टेकून आई उभी होती, दोन्ही हात तोंडाशी. ती कूक देत नव्हती, नुसती हात धरून उभी होती. मी तिच्याकडे गेले नाही. दरीत कोणी नाही हे त्या सगळ्या जंगलात फक्त मला माहीत होतं. म्हणजे बायला शोधायला जाणारंही मग एकच माणूस उरत होतं. मी पाण्याला वळसा घालून गारंबीचा चढ चढले. तोंडातून आवाज काढायची हिंमत नव्हती. वेलाची वेटोळी डोक्यावरून गेली, काळपट शेंगा वाऱ्याशिवाय हलत होत्या. वर एक शेकरू होतं बहुतेक. चढ संपून पलीकडे उतार लागला, आणि उतारावर एका खडकाच्या पोटाशी पिवळा पदर दिसला. बाय गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबलेले.

मी अगदी समोर जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं ते ओळख नसल्यासारखं. मी तिचे हात ओढून काढले. “बाय. मी हाय गो. कुंदा.”

“नाय,” ती कुजबुजली. “तू सकालपास्नं बोलतेस तिकडं. मी आय म्हनलं तर तिकडनं आय. मी कुंदे म्हनलं तर कुंदे. मी तुज्याकडं चालत आली, तर तू आनिक पुडं.” तिचे ओठ पांढरे पडले होते. दुपारीच ती हरवली होती, पण तिच्या लेखी सकाळपासून.

“मीच हाय, हात लाव.” आणि मला खोकला आला.

ती मागे सरकली. “खोकला पन ऐकलाय मी. तिकडं पन खोकते.” मग तिनं माझे दोन्ही खांदे धरले, नखं रुतली. “मी बोललेलं नको बोलूस. दुसरं काय तरी बोल. मला ठाव नाय असं बोल.”

माझ्या डोक्यात काही म्हणता काही येईना. जे जे आठवत होतं ते तिचं माझं दोघींचं होतं. घर, मीठ, आई, निवट्या, तिचा नवरा, त्याची विहीर. तिला माहीत नाही असं माझ्याजवळ त्या क्षणी एकच होतं.

“मी खोटं बोलली,” मी म्हटलं. “दरीतनं आवाज आला तो माजाच होता. मला कललं होतं. मी बाबांना सांगितलं बाय हाय म्हनून. दोनदा सांगितलं. ते तिकडं उतरलेत.”

ती बघत राहिली. डोंगर असं काही बोलणार नाही हे तिला हळूहळू पटत गेलं, तसतसा तिच्या चेहऱ्यात रंग आला. मग तिनं माझ्या थोबाडीत दिली. कानाखाली, सणसणीत. आणि लगेच मला इतकं घट्ट धरलं की मला खोकताही येईना. आम्ही दोघी तिथं रडलो, पण तोंड एकमेकींच्या खांद्यात दाबून. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

टेम्पोपाशी आलो तेव्हा आईनं बायला बोटांनी चाचपून पाहिलं, बाजारात मासळी बघतात तसं, आणि मग खाली बसली. मामानं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तिनं टेम्पोचा भोंगा तीनदा वाजवला. दरीत तो ऐकू गेला असावा. ते येईपर्यंत शेंड्यांवरचं ऊनही गेलं होतं. बाबांच्या पायाला काटे लागून रक्त आलेलं, बंडी फाटलेली. त्यांनी बायच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग वॉचरकडे वळून म्हणाले, “बगा. सांगितलं नव्हतं? माज्या कुंदीच्या कानानं सापडली. काय गो बाय, हिच्या कुकंनंच आलीस ना?”

वॉचर माझ्याकडे बघत होता. मी बायकडे. तिच्या हाताच्या खुणा माझ्या गालावर अजून तापत होत्या. 

“व्हय बाबा,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मागे, उरलेल्या पोत्यांवर, माझ्या पाठीला पाठ लावून बसली. अक्षय्य तृतीयेनंतर तिचं लग्न झालं. मांडवात बाबांनी व्याह्यांना फणसाडची गोष्ट सांगितली, त्यात माझे कान होते. बारशाला सांगितली, पुढे नातवंडांना सांगितली. प्रत्येक खेपेला बाय असलीच तर वाल सोलत किंवा नुसती भिंतीकडे बघत बसलेली असायची, आणि कोणी विचारलं तर व्हय म्हणायची. आमच्या दोघींत ते कधी निघालं नाही. मात्र बांधावर मी त्यानंतर पहिल्यासारखी उभी राहू शकले नाही. धुक्यातून कूक आली की बाबा म्हणायचे, “कोन?” आणि मी इतका वेळ लावायची की ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांना वाटायचं पोरगी मोठी झाली, विचार करून बोलते.

शेवटच्या वर्षात त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. ते माझ्याकडे पेणला होते. यंत्र आणलं, ते त्यांनी उशीखाली ठेवलं. दुपारी पडवीत बसलेले असताना एकाएकी ताठ व्हायचे, तळहात कानामागे धरायचे आणि मला विचारायचे, “कोन कूक देतंय काय गो?” रस्त्यावर रिक्षा असायच्या, शेजारी टीव्ही असायचा. एकदा म्हणाले, “आय असंल तुजी. नीट ऐक.” आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांचा चेहरा असा उजळला होता की व्हय म्हणायला एक श्वाससुद्धा पुरला असता. मी त्यांच्या समोर जाऊन बसले, ओठ दिसतील असं, आणि म्हटलं, “नाय बाबा. कोन नाय.”  “तू म्हनतेस तर नसंल,” ते म्हणाले, आणि हात कानावरून खाली घेतला.